गणितातील प्रश्नोत्तरांची परंपरा : छापील सदरापासून आंतरजालापर्यंत

प्रस्तावना :
गणिताचा इतिहास प्रामुख्याने सिद्धांत व ग्रंथ यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि एका वाचकाने प्रश्न विचारावा आणि दुसऱ्या अपरिचित वाचकाने त्याचे उत्तर द्यावे, या व्यवहारालाही सुमारे तीनशे वर्षांची परंपरा आहे. प्रस्तुत लेखात तिच्यातील तीन टप्प्यांचा विचार केला आहे.

इंग्लंडमधील प्रारंभ :
इ. स. १७०४ मध्ये इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी 'लेडीज डायरी' हे वार्षिक पंचांग सुरू झाले. त्यात लवकरच गणिती प्रश्न छापले जाऊ लागले. वाचकांनी पाठविलेली उत्तरे पुढील वर्षीच्या अंकात प्रसिद्ध होत. उत्तरासाठी वर्षभर थांबावे लागे. परंतु ज्या काळात स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते, त्या काळात गणिताच्या चर्चेचे एक दार त्यांना खुले झाले.

भारतातील सदर :
१९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या सरकारी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने भारतीय गणित परिषदेची स्थापना झाली. परिषदेचे ग्रंथालय प्रारंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. परिषदेच्या नियतकालिकात प्रश्न व उत्तरे यांचे सदर असे. १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी या सदरात एका अनंत वर्गमूळरचनेची किंमत विचारली : १ अधिक २ गुणिले (१ अधिक ३ गुणिले (१ अधिक ४ गुणिले... यांचे वर्गमूळ) यांचे वर्गमूळ), या सर्वांचे वर्गमूळ किती? त्या वेळी त्यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. कोणाकडूनही उत्तर न आल्याने अखेर त्यांनीच ते दिले : ३. त्यामागील सूत्र शालेय पातळीचे आहे. ३ चा वर्ग म्हणजे १ + २ × ४, ४ चा वर्ग म्हणजे १ + ३ × ५. हाच क्रम पुढे चालू राहतो. अनंत रचनेचे अभिसरण सिद्ध करणे हा मात्र स्वतंत्र भाग होय.

आंतरजालाचा टप्पा :
१९९४ मध्ये अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात 'आस्क डॉ. मॅथ' हा उपक्रम सुरू झाला. शालेय विद्यार्थी ई-मेलद्वारे प्रश्न विचारीत व स्वयंसेवक त्यांना उत्तरे देत. निवडक प्रश्नोत्तरांचा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला जाई. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज'वर वाचक मतांद्वारे उत्तरांची प्रतवारीही करू लागले. वर्षभराची प्रतीक्षा काही तासांवर, कधी मिनिटांवर आली.

निष्कर्ष :
साधने बदलली, तरी या परंपरेचे मूळ तत्त्व कायम राहिले. ते म्हणजे प्रश्नाचे मोल प्रश्नकर्त्याच्या पदवीवरून ठरत नाही. मात्र प्रतीक्षेचा काळ संपल्याने स्वतः झगडण्याची संधीही आटली आहे. रामानुजनांच्या प्रश्नाला वाचकांकडून उत्तर आले नाही, तरी तो विचारण्याजोगा ठरला. वर्गात विद्यार्थी प्रश्न विचारण्यास कचरतो आणि तोच प्रश्न आंतरजालावर निःसंकोचपणे विचारतो, तेव्हा उणीव विद्यार्थ्याच्या जिज्ञासेत नसून वर्गाच्या वातावरणात असते, याची नोंद अध्यापकांनी घेणे आवश्यक आहे.