डच लोक ‘नको’ का म्हणाले?

नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला ट्यूलिप, पवनचक्क्या, सायकली आणि ऑनसाइटला गेलेल्या कुणा मित्राचे अ‍ॅमस्टरडॅमचे फोटो आठवतात. सोबत एक ठरलेलं वाक्य: "डच लोक एकदम मोकळे रे!" मग याच मोकळ्या लोकांनी १ जून २००५ ला युरोपच्या राज्यघटनेला चक्क ‘नको’ का म्हटलं?

आधी आकडे बघा. मतदान ६३ टक्के, त्यातले ६१.५ टक्के विरोधात. तीन दिवस आधी फ्रान्सनेही नकार दिला होता, पण डच नकाराचं आश्चर्य जास्त. १९५१ च्या कोळसा-पोलाद करारापासून हे लोक युरोपच्या सहा संस्थापकांमधले. १९९२ चा मास्ट्रिख्ट करार त्यांच्याच गावात झाला. शिवाय संसदेतले सगळे मोठे पक्ष ‘हो’ म्हणा म्हणून सांगत होते.

पण गंमत अशी, की पन्नास वर्षांत लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. आधुनिक काळातलं त्यांचं हे पहिलंच देशव्यापी सार्वमत. डचांसाठी युरोप म्हणजे मुळात व्यापाऱ्याचा हिशोब: रॉटरडॅमचं बंदर, शेजारी जर्मनीची बाजारपेठ, आणि दोन दांडग्या शेजाऱ्यांना नियमात बांधणारी व्यवस्था. हिशोब जमत होता तोवर तक्रार नव्हती. मग २००२ मधे गिल्डर गेला, युरो आला आणि सगळं महागलं असं लोकांना वाटू लागलं. २००३ मधे जर्मनी-फ्रान्स तुटीचा नियम मोडूनही दंडातून सुटले. २००४ मधे एकदम दहा नवे देश आत आले, आणि माणशी सर्वात जास्त वर्गणी भरणाऱ्यांत डच!

याच काळात घरात दुसरा वाद पेटला होता. १९६४ मधे तुर्कस्तानशी आणि १९६९ मधे मोरोक्कोशी करार करून कामगार आणले. नाव ‘पाहुणे कामगार’, म्हणजे परत जाणार हे गृहीत. ते राहिले, बायकामुलं आली. सरकारचं धोरण मात्र बराच काळ पाहुण्यांचंच. २००० मधे पॉल शेफर यांनी वर्तमानपत्रात ‘बहुसांस्कृतिक शोकांतिका’ असा लेख लिहिला आणि खळबळ उडाली. पिम फॉर्टाउन या माजी प्राध्यापकाने तोच राग मतांत बदलला. ६ मे २००२ ला त्याचा खून झाला. मारणारा डचच, प्राणिहक्कवाला. नऊ दिवसांनी त्याच्या पक्षाला १५० पैकी २६ जागा! नोव्हेंबर २००४ मधे दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉगचा खून एका कट्टर इस्लामी तरुणाने केला. तो जन्माने अ‍ॅमस्टरडॅमचा, आईवडील मोरोक्कोचे.

सात महिन्यांनी सार्वमत. राज्यघटनेच्या कलमांत इमिग्रेशन कितीसं होतं? पण दोन्हीकडे तक्रार एकच होती: "आमच्या देशाचं काय करायचं ते आम्हाला न विचारता ठरतं." थोडक्यात काय, तर तो ‘नको’ ब्रसेल्सइतकाच हेगलाही होता.

आता आपल्याशी संबंध. ऑक्टोबर २००४ मधे याच सरकारने ‘ज्ञानी स्थलांतरितां’साठी वेगळी योजना काढली. पगार ठरावीक रकमेच्या वर असला की व्हिसा झटपट. आणि २००६ पासून मोरोक्कोतल्या खेड्यातल्या नववधूला नवऱ्याकडे जाण्याआधी वकिलातीत डच भाषेची परीक्षा. आपल्या इंजिनियरच्या बायकोला ती नाही. दार एकच, पण उघडतं पगारस्लिप बघून!

ही सोय कायमची समजू नये. गीर्ट विल्डर्सचा पक्ष २०२३ मधे ३७ जागा घेऊन पहिला आला. त्या निवडणुकीत घरटंचाईवर बोलताना परदेशी विद्यार्थी आणि हे ‘ज्ञानी’ लोकही हिशोबात धरले गेले. ऑक्टोबर २०२५ मधे त्याच्या जागा २६ वर आल्या, पण प्रश्न कुठे गेला? पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे साठ वर्षांपूर्वी ठरवायचं राहून गेलं. त्याचं बिल आता नव्याने येणाऱ्यांच्या नावावर फाटतंय.

असो. ऑनसाइटला जाणार असाल तर जरूर जा. फक्त "आपण त्यातले नाही" या भरवशावर राहू नका.