द्विनेत्री दुर्बीण : उच्च दर्जाची निर्मिती

दोन समांतर दूरदर्शक बिजागरीने जोडून केलेले, दोन्ही डोळ्यांनी पाहायचे उपकरण. वस्तुभिंगातून पडणारी प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करण्यासाठी नळीत लोलक (प्रिझम) बसवतात आणि दुर्बिणीची गुणवत्ता, तशीच तिची किंमतही, बऱ्याच अंशी या लोलकांवर ठरते. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांच्या अशा रचनेचे पेटंट घेतले, पण तेव्हा पुरेशी निर्दोष काच मिळत नव्हती. येना येथे ओटो शॉट याने ती बनवल्यावर एर्न्स्ट आबे याच्या आराखड्यानुसार त्साइस कंपनीने १८९४ मध्ये पोरो लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. सरळ, सडपातळ नळीच्या छप्पर-लोलकी दुर्बिणी वेट्झलारच्या हेन्सोल्ट कंपनीने १९०५ पासून केल्या. आजच्या महागड्या दुर्बिणी बहुतेक याच घडणीच्या असतात.

छप्पर-लोलकाच्या एका टोकाला घराच्या छपरासारखे दोन पृष्ठभाग ९० अंशांत मिळतात. आत आलेली किरणशलाका त्या कडेवर दुभंगते आणि पुढे पुन्हा एक होते. कोन चुकला तर प्रतिमा दुहेरी दिसते, म्हणून येथे जेमतेम काही विकला एवढीच चूक खपते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). शिवाय कड धारदार हवी. तिचा बारीकसा टवका उडाला तरी दिव्याभोवती प्रकाशाची रेघ उमटते. सेरियम ऑक्साइडने पॉलिश केलेले कितीतरी लोलक केवळ या दोन कसोट्यांवर बाद होतात.

एवढे करूनही नुसता छप्पर-लोलक पोरोच्या तोडीचा ठरत नाही. परावर्तनाच्या वेळी शलाकेच्या दोन अर्धांच्या ध्रुवणात (पोलरायझेशन) आणि कलेत (फेज) वेगवेगळे बदल होतात. ते अर्ध एकत्र आले की बारीक तपशील धूसर होतो. त्साइसने १९८८ मध्ये छपराच्या पृष्ठभागांवर कला-दुरुस्तीचा पातळ लेप देऊन हा दोष दूर केला. इतर प्रमुख कंपन्यांनीही लवकरच ती वाट धरली. पोरो लोलकाला या लेपाची गरजच नसते. त्यामुळे कमी किमतीत, कला-लेप नसलेल्या छप्पर-लोलकी दुर्बिणीपेक्षा जाडजूड दिसणारी पोरो दुर्बीण घेणे केव्हाही शहाणपणाचे.

दुसरी अडचण छप्पर-लोलकाच्या श्मिट-पेखान या आटोपशीर रचनेत येते. तिच्या एका पृष्ठभागावर पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही आणि तेथे आरसा चढवावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा आरसा सुमारे दहावा हिस्सा प्रकाश गिळतो, चांदीचा त्याहून बराच कमी. टायटॅनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे अनेक थर आळीपाळीने दिलेला अधातू आरसा ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवतो. आबे-क्योनिग या दुसऱ्या प्रकारच्या छप्पर-लोलकाला आरसा लागत नाही, मात्र तो लांब असल्याने दुर्बीणही लांबते.

परावर्तनरोधक लेपाचे काम आरशाच्या उलट. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे १२ पृष्ठभाग ओलांडताना केवळ ६१ टक्के उरतो आणि परतलेला प्रकाश नळीत भटकून चित्र फिकट करतो. त्साइसमधील अलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर लेपाचा उपाय काढला. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा एक थर ही गळती दीड टक्क्यापर्यंत आणतो, तर अनेक थरांनी ती अर्ध्या टक्क्याखाली जाते. मग तेच १२ पृष्ठभाग ९४ टक्के प्रकाश पुढे सोडतात. हे थर निर्वात भट्टीत देतात. इलेक्ट्रॉन शलाकेने पदार्थाची वाफ करतात, वर फिरत्या घुमटात भिंगे अडकवलेली असतात आणि क्वार्ट्झच्या कंपमान स्फटिकावरून थराची जाडी क्षणोक्षणी मोजली जाते. भिंगावर दिसणारी हिरवी-जांभळी झाक ही परत गेलेल्या प्रकाशाची असते; तिच्यावरून दर्जा ओळखता येत नाही.

जोडणीत सर्वांत नाजूक काम दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर करण्याचे. वस्तुभिंगाची विकेंद्री कडी फिरवून किंवा लोलक किंचित सरकवून ते साधतात. येथे राहिलेली चूक पाहणाऱ्याचे डोळे निमूटपणे सोसतात आणि तासाभराने डोके दुखू लागते. शेवटी रबरी कड्यांनी सांधे बंद करून आत कोरडा नायट्रोजन भरतात. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशीचे जाळे पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

हे सारे एकाच छताखाली क्वचितच होते. काच बहुधा शॉट, ओहारा, होया अशा काचकारखान्यांतून येते. ऑस्ट्रियातील स्वारोव्हस्की ऑप्टिक (स्थापना १९४९) आब्साम येथील आपल्या कारखान्यावर भर देते. लाइट्झने, म्हणजे आजच्या लायकाने, १९७३ मध्येच पोर्तुगालमधील फामालिकाओ येथे कारखाना काढला. त्साइसची टेरा मालिका चीनमध्ये तयार होते. युद्धोत्तर जपानात टोकियोच्या इताबाशी भागात छोट्या कारखान्यांनी कामे वाटून घेतली होती : एकाकडे लोलक, दुसऱ्याकडे नळ्या, तिसऱ्याकडे जोडणी. त्या काळच्या अनेक जपानी दुर्बिणींवर ‘जेबी’ किंवा ‘जेई’ अक्षरांपुढे क्रमांक कोरलेला असतो. नळीवर नाव कोणाचेही असो, त्यावरून खरा कारखाना शोधता येतो. १९५० मध्ये स्थापन झालेली कामाकुरा कोकी ही कंपनी इतरांच्या नावाने दुर्बिणी बनवण्यासाठीच ओळखली जाते. पुढे जपानी काम महागले तसा स्वस्त मालाचा मोठा हिस्सा चीनकडे वळला. तेथील कुन्मिंग शहरात लष्करी दुर्बिणींच्या कामातून कारागिरांची फळी आधीच तयार झाली होती.

कंत्राटी काम म्हणजे हलके काम, हा समज चुकीचा आहे. नाव लावणारी कंपनी कधी स्वतःचा आराखडा देते, तर कधी कारखान्याच्या तयार नमुन्यावर फक्त आवरण बदलून घेते. खरा फरक करारातल्या अटींत असतो : काच कोणती, आरसा धातूचा की अधातू, कला-लेप आहे की नाही, अक्षांची चूक किती चालेल आणि प्रत्येक नग तपासायचा की शंभरातले काही. एकाच कारखान्यातून, त्याच कामगारांच्या हातून, स्वस्त आणि महाग अशा दोन्ही दुर्बिणी बाहेर पडू शकतात. नळीवर छापलेले देशाचे नाव यांपैकी एकाही अटीबद्दल काही सांगत नाही.