अंगणातला बंब

गेल्या महिन्यात आमच्या कबनूरच्या बचत गटात कर्जाचा एक अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, तर अंगणात ठेवायच्या बंबासाठी. काही जणी हसल्या, "अगं, आता गॅस आलाय की!" मग आम्ही विचारलं, गॅसवर पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी कोण तापवतं? एकही हात वर झाला नाही. त्यावरून जुन्या गोष्टी निघाल्या, त्याच आज सांगतो.

बंब हा शब्द मुळात बाहेरचा. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून तो आला असं मानतात. म्हणून आग विझवणारी गाडीही बंब आणि पोटात जाळ ठेवणारं हे भांडंही बंब! रचना साधी आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, नळीभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. रशियातला आणि काश्मिरातला चहाचा समोवार अशाच रचनेचा असतो. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी तांबटांनी हातोड्याने ठोकून असे बंब घडवले.

पण खरं सांगायचं तर बंब असायचा वाड्यात. एवढं तांबं गरिबाला कुठून परवडणार? आमच्या आज्यांच्या परड्यात तीन दगड आणि त्यावर काळाकुट्ट हंडा. जळण म्हणजे शेणी, चिपाडं, मक्याची बुरकुंडी. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे आमच्या गावातही माग आले, आणि त्यांच्याबरोबर पाळ्या आल्या. पाळी सुटली की माणूस कापसाच्या तुसाने पांढरा होऊन येणार. त्याला गरम पाणी पाहिजे. दिवसपाळी, रातपाळी, म्हणजे हंडा दोनदा चढणार. कांड्या भरून आलेल्या बाईच्या अंगालाही तेच तूस असतं. पण तिची आंघोळ सगळ्यांत शेवटी, आणि तोवर पाणी कोमट.

बाईच्या डोळ्यांतल्या धुराचा विचार कुणी केलाच नाही असं नाही. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. तिथल्या मगनवाडीत बिनधुराची 'मगन चूल' तयार झाली. 1983 च्या अखेरीस सरकारने सुधारित चुलींचं काम देशभर हाती घेतलं, ते 2002 पर्यंत चाललं. निर्धूर चुली आमच्याकडेही आल्या. धुराडं गंजलं की बदलायला कुणी फिरकत नसे, मग बाया पुन्हा जुन्या चुलीकडे. 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली. या सगळ्यांत बोलणं मुख्यतः भाकरीच्या चुलीचं. परड्यातल्या पाण्याच्या हंड्याकडे फारसं कुणी बघितलं नाही, आणि आमच्या मते खरं जळण तिथंच जातं. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी वाऱ्यावर. बंबात जाळ पाण्याच्या मधोमध असतो, त्यामुळे तेवढंच पाणी कितीतरी कमी जळणात तापतं.

आता घ्यायचा तर कसा? तांब्याचा महाग, पण लवकर तापतो आणि मोडीतही पैसे देतो. स्टीलचा स्वस्त आणि हलका, आमच्यासारख्यांना चालतो. साध्या पत्र्याचा घेऊ नका, लवकर गंजतो. बोअरच्या पाण्याचा क्षार आत थरावर थर बसतो, म्हणून हात घालून घासता येईल एवढं तोंड बघून घ्या. जोड निरखून बघा. आमच्यातल्या एकीने बाजारातून घेतलेल्या बंबाला नुसता डाख होता. सुनेने घाईत पाणी भरायच्या आधी जाळ घातला आणि जोड वितळून गेला. दुकानदार म्हणाला, चूक तुमची. चूक होतीच, पण पक्का जोड असता तर एवढ्यात गेला नसता. तेव्हा आधी पाणी, मग काडी. आणि आत पाणी राहील एवढं बघूनच तोटी सोडा.

बंब बंद न्हाणीत कधीही ठेवू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. अंगणातच ठेवा, गंजीपासून आणि गोठ्याच्या छपरापासून लांब, पोरं धावतात त्या वाटेवर नको. मागावरचं पॉलिस्टरचं सूत, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या पेटवायला लगेच हाताशी येतात, पण त्यांचा धूर विषारी. त्या जाळू नका. राख मात्र परसबागेला घाला.

अर्ज मंजूर केला. जाऊबाईंचं घर शेजारीच आहे, दोघींत मिळून एकच मोठा स्टीलचा बंब घ्यायचं ठरलं. धुराडं छपराच्या वर निघालं पाहिजे, एवढी अट आम्ही घातली. पहिली बादली कुणाची, यावर बैठकीत बराच वाद झाला. ते त्या दोघी घरी ठरवणार आहेत.