प्रचार ओळखण्याची विद्या

१९१८ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील कँटन या गावी समाजवादी पुढारी यूजीन डेब्स यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. ते टिपून घेणाऱ्यांत क्लाइड मिलर नावाचा एक तरुण वार्ताहर होता. देशाला तेव्हा युद्धज्वर चढला होता. सरकारच्या प्रचारसमितीचे सुमारे ७५,००० वक्ते चित्रपटगृहांतून चार-चार मिनिटांची भाषणे करीत फिरत होते. डेब्स यांच्यावर खटला झाला, मिलरने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्वर उतरल्यावर मिलरला त्या साक्षीचा पश्चात्ताप झाला.

हाच मिलर पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक-महाविद्यालयात अध्यापक झाला. १९३७ साली बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांच्या १०,००० डॉलरांच्या देणगीतून न्यूयॉर्कमध्ये ‘प्रचार-विश्लेषण संस्था’ उभी राहिली, तिचा मिलर प्रमुख प्रवर्तक होता. युरोपात हिटलर आणि मुसोलिनी यांच्या वाणीने राष्ट्रेच्या राष्ट्रे भारली जात होती. विद्यार्थ्याला या मोहिनीपासून वाचवावयाचे, तर तिची घडण त्याला उकलून दाखविली पाहिजे, ही संस्थेची भूमिका होती.

संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या. प्रतिपक्षावर निंद्य नावाचा शिक्का मारणे. गोंडस शब्दांनी आपला पक्ष सजविणे. धर्म, ध्वज यांचे पावित्र्य आपल्या कार्यासाठी उसने घेणे. थोरामोठ्यांची साक्ष काढणे. ‘मी तुमच्यातलाच’ असे भासविणे. सोयीचे तेवढेच पुरावे मांडणे. आणि ‘सारे निघाले, तुम्हीच मागे का?’ असे म्हणणे. अनेक शाळा-महाविद्यालयांनी संस्थेच्या पत्रिका वर्गात वापरल्या. १९३९ साली अल्फ्रेड ली व एलिझाबेथ ली यांनी संपादिलेल्या पुस्तकात फादर कॉफलिन या धर्मोपदेशकाची नभोवाणीवरील भाषणे तपासली गेली. लक्षावधी श्रोते ज्याचे शब्द श्रद्धेने ऐकत, त्याच्या ज्यूद्वेषी वाक्यांच्या मध्येच प्रत्येक युक्तीची छोटी खूण छापलेली होती. भाषणाच्या ओघात लपणारी युक्ती कागदावर उघडी पडली.

या शिक्षणावर आक्षेपही आले. सर्वत्र कपट पाहावयास शिकलेला विद्यार्थी उद्या कशावरच विश्वास ठेवणार नाही, असे टीकाकार म्हणत. आक्षेप पोकळ नव्हता. खरी गोष्टही गोंडस शब्दांत सांगता येते, आणि थोरांची साक्ष कधी योग्यही असते. युक्ती ओळखली म्हणजे विधान खोटे ठरत नाही. तेथून पुराव्याचा शोध सुरू व्हावयाचा असतो.

संस्थेची खरी कसोटी मात्र निराळीच होती. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. शत्रूचा प्रचार तपासावा आणि स्वकीयांचा तपासू नये, तर निःपक्षपात जातो. दोन्ही तपासावेत, तर राष्ट्रकार्यात विघ्न आणल्याचा दोष येतो. १९४२ च्या आरंभी संस्थेने आपले काम थांबविले. ज्या ज्वरावर औषध म्हणून ती जन्मली होती, तो पुन्हा चढताच औषधाची बाटली बंद झाली.

सात युक्त्यांची यादी मात्र पाठ्यपुस्तकांतून टिकून राहिली. ती पाठ करणे सोपे आहे, आणि न आवडणाऱ्या वक्त्याला लावणे त्याहूनही सोपे आहे. १९१८ साली मिलरजवळ बुद्धीची वाण नव्हती. आपल्या बाजूच्या शब्दांकडेही संशयाने पाहण्याची सवय तेवढी नव्हती. जे भाषण ऐकून आपल्याच टाळ्या आपोआप पडतात, त्यालाच ही यादी प्रथम लावून पाहणे, हा या विद्येतील सर्वांत अवघड धडा होय.