परतीची वाट : ‘एफी ब्रीस्ट’ आणि ‘उमराव जान अदा’

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात परस्परांशी अपरिचित अशा दोन लेखकांनी समाजाने कलंकित ठरवलेल्या स्त्रीची कथा लिहिली. थिओडोर फोंटाने यांची ‘एफी ब्रीस्ट’ १८९४-९५ मध्ये बर्लिनच्या ‘डॉयचे रुंडशाऊ’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली, मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ १८९९ मध्ये लखनौत अवतरली. येथे प्रभावाचा प्रश्न गैरलागू आहे. दोहोंची तुलना सार्थ ठरते ती एका मुद्द्यावर : स्वतःच्या वासनेची आणि स्मृतीची हकिकत सांगण्याचा अधिकार कोणाचा?

फोंटाने यांचा निवेदक तृतीयपुरुषी आणि संयमी आहे. मेजर क्राम्पासशी एफीचा संबंध तो प्रत्यक्ष दाखवीत नाही. वाळूच्या टेकड्यांकडील तिचे एकाकी फेरफटके तेवढे सूचक ठरतात. सहा वर्षांहून अधिक काळानंतर तिच्या शिवणकामाच्या टेबलात जी पत्रे पतीच्या हाती लागतात, तीही क्राम्पासने लिहिलेली. एफीची वासना वाचकाला, आणि पतीलाही, पुरुषाच्या अक्षरांतूनच कळते. तिची स्मृती तिच्याविरुद्धचा पुरावा होते.

रुसवांची रचना याच्या उलट आहे. मुशायऱ्याला शेजारच्या खोलीतून दाद येते आणि त्या दादेतून उमरावचा शोध लागतो. पुढे ती सांगते आणि ‘रुसवा’ नावाचे पात्र ऐकते, विचारते, लिहून घेते. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले. त्यानंतर विसकटलेले शहरही तिच्या आठवणींत येते. म्हणूनच ही कादंबरी नवाबी लखनौचा दस्तऐवज म्हणून वाचली गेली. त्या वाचनात एक गोष्ट निसटते. उमराव सर्व काही सांगत नाही. काय झाकावे हे तीच ठरवते. फोंटाने यांच्याकडील मौन निवेदकाचे आहे, येथील मौन नायिकेचे आहे. अखेरीस लिहिलेली हकिकत वाचून ती संतापते, याचीही नोंद कादंबरीत तिच्याच तोंडून होते.

दोन्ही कादंबऱ्यांत उत्कट ओढ आहे ती प्रियकराची नव्हे, बालपणीच्या घराची. एफीला आईवडील आरंभी नाकारतात, पण आजारपणी परत बोलावतात. होहेन-क्रेमेनच्या बागेतच तिचे दफन होते. मृत्यूपूर्वी मात्र ती पतीचे वर्तन योग्यच होते असे मान्य करते. उमराव फैजाबादला, जेथून तिचे अपहरण झाले त्या मोहल्ल्यात, गाण्यासाठी येते. आई तिला कवटाळते. भाऊ सुरी घेऊन उभा राहतो. तिची वाट कायमची बंद होते. घराने स्वीकारलेली एफी समाजाचा निवाडा उच्चारून मिटते. घराने नाकारलेली उमराव जगते आणि सांगते.

या तुलनेत मराठी अभ्यासकाला हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची आठवण अपरिहार्य आहे. १८९० पासून ‘करमणूक’मधून येणाऱ्या या कादंबरीत यमू स्वतःच बोलते, तेही घराच्या आतून. तिन्ही लेखक पुरुष आहेत, हे विसरता येत नाही. त्यामुळे प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे स्त्रीचा मुक्त स्वर, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. लेखकाने दिलेल्या ‘मी’मधून नायिका किती नाकारू शकते, यावर त्या स्वराचे मोल ठरते. या कसोटीवर लखनौची उमराव अधिक स्वतंत्र आहे.