स्वस्ताईचा गुन्हा : ए अँड पी या किराणा साखळीचा उदय आणि अस्त

१/ नोव्हेंबर २०१५. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातील उरल्यासुरल्या ‘ए अँड पी’ दुकानांना एकामागून एक कुलपे लागत होती. १५६ वर्षांची कंपनी संपली, पण अमेरिकेबाहेर कुणाला त्याची फारशी दखल घ्यावीशी वाटली नाही. १९३० च्या सुमारास मात्र याच कंपनीची सुमारे १६ हजार दुकाने होती आणि किरकोळ विक्रीत तिच्याएवढी मोठी दुसरी कंपनी जगात नव्हती. या कंपनीला मोडण्यासाठी अमेरिकेत कायदे झाले, करांची विधेयके आली, फौजदारी खटलाही चालला. त्या साऱ्या रोषाच्या मुळाशी एकच गोष्ट होती : ही कंपनी इतरांहून स्वस्त विकत होती.

२/ प्रारंभ चहापासून झाला. १८५९ मध्ये न्यूयॉर्कमधील जॉर्ज गिलमन हा चामड्याचा व्यापारी चहाच्या धंद्यात उतरला. जॉर्ज हंटिंग्टन हार्टफर्ड हा त्याचा सहकारी, आणि पुढे कंपनीचा खरा कर्ताधर्ता. त्या काळी चहा बंदरातून ग्राहकापर्यंत पोहोचेतो दलालांच्या अनेक हातांतून जाई आणि प्रत्येक हात आपला वाटा काढून घेई. मधले हात वगळून भाव उतरवायचा, एवढेच या दोघांचे धोरण. १८६९ मध्ये लोहमार्गाने अमेरिकेचे दोन किनारे जोडले आणि त्याच वर्षी कंपनीने ‘द ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’ असे भारदस्त नाव धारण केले. नाव दोन महासागरांना कवेत घेणारे. विकायचा माल मात्र चहा आणि कॉफी.

३/ पुढील घडामोडी समजण्यासाठी त्या काळचे अमेरिकन किराणा दुकान डोळ्यांपुढे आणावे लागते. ग्राहक फळीपाशी उभा राहून हवा तो जिन्नस सांगे. दुकानदार मागच्या पिंपातून तो काढून, तोलून, पुडी बांधून देई. पैसे वहीत मांडले जात आणि सामान पोऱ्यामार्फत घरपोच होई. महाराष्ट्रातील जुन्या वाण्याचे दुकान ज्याने पाहिले आहे, त्याला यात परके काही वाटणार नाही. या साऱ्या सोयींची किंमत अर्थातच मालावर चढे. विसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या खर्चातील ४० टक्क्यांहून अधिक रक्कम अन्नावर जात असे. लोण्याच्या भावातील दोन सेंटांचा फरक ही त्या घरांत किरकोळ बाब नव्हती.

४/ १९१२ मध्ये हार्टफर्डचा धाकटा मुलगा जॉन याने एक प्रयोग केला. तोवर ए अँड पी देखील उधारी देई, माल घरपोच करी, खरेदीवर कपबशा भेट देई. जॉनने जर्सी सिटीत एक लहानसे दुकान उघडले. तेथे उधारी नाही, घरपोच नाही, भेटवस्तू नाहीत. दुकानात माणूस एकच; तो जेवायला गेला की दार बंद! कंपनीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की जवळच ए अँड पीचेच एक थाटाचे दुकान होते आणि या लहानग्याने सहा महिन्यांत त्याचा धंदा बुडवला. जॉनने धाकट्या दुकानाची बाजू घेतली. आपलेच जुने रूप आपल्याच हाताने मोडण्याची ही तयारी पुढे या कंपनीच्या कामी आली. ती सरली तेव्हा कंपनीही सरली.

५/ त्यानंतरची वाढ थक्क करणारी आहे. १९१२ मध्ये पाचशेच्या आत असलेली दुकाने १९२५ पर्यंत १४ हजारांच्या घरात गेली. १९२९ मध्ये वार्षिक विक्रीने एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. तोवर कोणत्याही किरकोळ विक्रेत्याला हे साधले नव्हते. कंपनीची स्वतःची बेकरी होती, डबाबंद मासळीचे कारखाने होते, ब्राझीलमध्ये स्वतःचे कॉफी खरेदीदार होते.

६/ ग्राहकाने स्वतःच फडताळावरून माल उचलावा ही कल्पना मात्र ए अँड पीची नव्हे. ती १९१६ मध्ये मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याच्या ‘पिगली विगली’ या चमत्कारिक नावाच्या दुकानात रुजली. आत शिरायला फिरते दार, मालावर छापील किंमत, शेवटी गल्ला. आजच्या प्रत्येक मॉलची मांडणी तिथूनच निघते. साँडर्सने १९२३ मध्ये शेअर बाजारातील सट्ट्यात कंपनी गमावली, हा भाग निराळा.

७/ आता दुसरी बाजू. गावच्या दुकानदाराच्या दृष्टीने ए अँड पी ही आपत्तीच होती. त्याने घाऊक व्यापाऱ्याकडून ज्या भावात खरेदी करावी, जवळजवळ त्याच भावात शेजारचे साखळी दुकान ग्राहकाला विकत असे. कंपनी थेट उत्पादकाकडे जाई, मोठ्या मागणीच्या बळावर सूट मिळवी, आणि प्रत्यक्ष दलाल नसतानाही दलालीची रक्कम स्वतःकडे वळवून घेई. दुकान बुडाले की बुडणारा केवळ व्यापारी नसे. त्याच्या वहीवर बेकारीच्या दिवसांत जगणारी कुटुंबेही असत, आणि साखळी दुकानाला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. महामंदीच्या काळात हा असंतोष राजकारणात उतरला. इंडियाना राज्याने १९२९ मध्ये साखळी दुकानांवर कर बसवला. १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि मग अनेक राज्यांनी तीच वाट धरली.

८/ या लढ्याचा अग्रणी होता टेक्सासचा काँग्रेस सदस्य राइट पॅटमन. १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने मोठ्या खरेदीदाराला मिळणाऱ्या सवलतींवर आणि त्या खोट्या दलालीवर निर्बंध आले. पॅटमनचे त्यावर समाधान झाले नाही. १९३८ मध्ये त्याने दुकानांच्या आणि राज्यांच्या संख्येनुसार चढत जाणारा कर सुचवला. तो लागू झाला असता तर ए अँड पीचा कर तिच्या नफ्याच्या कित्येक पट भरला असता. विरोधकांनी या विधेयकाला ‘मृत्युदंड’ म्हटले ते उगाच नव्हे.

९/ तोवर प्रसिद्धीपासून दूर राहणारे हार्टफर्ड बंधू प्रथमच जनतेपुढे आले. १९३९ मध्ये त्यांनी देशभरातील वृत्तपत्रांत मोठी जाहिरात दिली : स्वतः त्यांच्यापाशी पुरेसा पैसा आहे, विधेयकाने खरे नुकसान होईल ते ग्राहकाचे. शेतकरी संघटना पाठीशी उभ्या राहिल्या, कारण जास्तीचे पीक कंपनी उचलत असे. कामगार संघटनांना दीर्घकाळ दूर ठेवणाऱ्या ए अँड पीने त्यांच्याशी करार केले आणि तेही विधेयकाविरुद्ध साक्ष द्यायला आले. १९४० मध्ये विधेयक बारगळले. औदार्य आणि हिशेब यांची इतकी चोख सांगड क्वचितच पाहायला मिळते.

१०/ गंमत अशी, की याच सुमारास खरा धोका वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात उभा राहत होता. ए अँड पीचाच जुना नोकर मायकेल कलेन याने १९३० मध्ये एका रिकाम्या गॅरेजमध्ये ‘किंग कलेन’ हे अवाढव्य दुकान थाटले. गाडी लावायला जागा, सगळे जिन्नस एका छताखाली, आणि भाव ए अँड पीहूनही कमी. हेच सुपरमार्केट. थोरला भाऊ जॉर्ज सावध होता. जॉनने पुन्हा आग्रह धरला. १९३६ नंतर कंपनीने आपली हजारो लहान दुकाने बंद करून त्यांच्या जागी कमी पण मोठी दुकाने उभारली. ‘एकट्या माणसाचे दुकान’ ज्याने जन्माला घातले, त्यानेच ते पुरले.

११/ खटला मात्र चुकला नाही. १९४२ मध्ये सरकारने व्यापारात अडथळा आणणारा कट केल्याचा आरोप ठेवला. आरोपांत वजन होते : कंपनीची एक शाखा स्वतःसाठी फळे-भाजीपाला घेताना प्रतिस्पर्ध्यांसाठीही दलाली करी, आणि पुरवठादारांवर दबाव टाकून विशेष भाव मिळवी. १९४६ मध्ये इलिनॉयमधील न्यायालयाने हार्टफर्ड बंधूंसह कंपनीला दोषी ठरवले. एकूण दंड झाला १,७५,००० डॉलर. अब्जावधींच्या उलाढालीपुढे ही रक्कम क्षुल्लक. पण सत्तरी ओलांडलेल्या त्या दोन भावांच्या माथी गुन्ह्याचा शिक्का बसला तो कायमचा. ग्राहकाचे भाव वाढवल्याचा ठपका मात्र त्यांच्यावर नव्हता. बाजाराने कुणाचे रक्षण करावे, ग्राहकाचे की लहान दुकानदाराचे, हा वाद त्या निकालाने मिटला नाही. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला मुभा द्यावी की नाही यावरून २०१२ मध्ये भारतात जे रण माजले, त्यात दोन्ही बाजूंचे बरेचसे युक्तिवाद हेच होते.

१२/ नोव्हेंबर १९५० मध्ये दोघे भाऊ ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्या घडीला विक्रीच्या बाबतीत जनरल मोटर्स वगळता अमेरिकेत त्यांच्यापुढे कुणी नव्हते. १९५१ मध्ये जॉन वारला, १९५७ मध्ये जॉर्ज. दोघांनाही अपत्य नव्हते. पुतण्या हंटिंग्टन याने आपल्या वाट्याची अफाट संपत्ती कलादालन, नाटके आणि बहामातील एका बेटावर उधळली, ही स्वतंत्र कहाणी आहे.

१३/ भावांच्या मागे कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती गेली, त्यांनी लाभांश वाटला आणि दुकाने जशीच्या तशी ठेवली. मध्यमवर्ग उपनगरांत निघून जात होता. ए अँड पी जुन्या वस्त्यांतल्या, भाडे कमी असलेल्या जागा सोडीना. १९६१ मध्ये जॉन अपडाइक याने ‘ए अँड पी’ याच नावाची कथा लिहिली, तेव्हा ते दुकान अमेरिकन वाचकाला इतके परिचित होते की नावापुढे खुलासा करण्याची गरज पडली नाही. अतिपरिचयाचा जो परिणाम व्हायचा तो झाला. १९७२ मध्ये भाव पाडून ग्राहक परत खेचण्याची धडपड झाली, पण तिच्यात तोटाच पदरी पडला. पुढच्याच वर्षी सेफवेने पहिला क्रमांक हिरावला.

१४/ उपाहारगृहांच्या साखळ्यांतही हाच क्रम दिसतो. नारिंगी छपराचे, २८ स्वादांच्या आइस्क्रीमचे ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाले. हमरस्त्याने जाणाऱ्या कुटुंबांच्या दोन पिढ्या तेथे जेवल्या, आणि एकेकाळी त्याची हजाराहून अधिक उपाहारगृहे होती. शेवटचे २०२२ मध्ये लेक जॉर्ज येथे बंद झाले. मॅकडोनाल्ड्सने तेच जेवण कमी पदार्थांत, कमी माणसांत आणि कमी वेळात दिले. जॉन हार्टफर्डने १९१२ मध्ये याहून वेगळे काय केले होते?

१५/ १९७९ मध्ये जर्मनीच्या टेंगेलमान समूहाने ए अँड पी ताब्यात घेतली. डिसेंबर २०१० मध्ये पहिली दिवाळखोरी, जुलै २०१५ मध्ये दुसरी. सुमारे २८ हजार माणसे तेव्हा कामावर होती. काही दुकाने प्रतिस्पर्ध्यांनी विकत घेतली, काहींना गिऱ्हाईकच मिळाले नाही.

१६/ कंपनीची एक वस्तू मात्र तिच्यामागे उरली. ‘एट ओक्लॉक’ ही ए अँड पीची स्वतःची कॉफी. लाल पिशवीत भरलेले अख्खे बी ग्राहक दुकानातच दळून घेई आणि त्या दळणाचा वास दारापर्यंत दरवळे. पैशाची निकड भासली तेव्हा २००३ मध्ये कंपनीने ही कॉफीही विकून टाकली. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, सुमारे २२ कोटी डॉलर मोजून ती विकत घेतली टाटा कॉफीने. अमेरिकेतील इतर दुकानांच्या फडताळांवर ती लाल पिशवी आजही मिळते.