आधी मोजणी, मग मागणी



आज आपण घरांच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला गड आठवतात, वाडे आठवतात, राजे-सरदार आठवतात. पण गेल्या चाळीस वर्षांत आपल्याच महाराष्ट्रात हातावर पोट असलेल्या बायकांनी एकत्र येऊन स्वतःची घरं आणि वसाहती उभ्या केल्या, त्याचाही एक इतिहास आहे. तो शाळेच्या पुस्तकात नव्हता. आणि तो आपल्यापासून फार लांबही नाही. शिरूरहून नगर रस्त्याने पुण्यात शिरलं की येरवडा लागतं, तिथे त्यातली एक गोष्ट घडली. दौंडहून रेल्वेने सोलापूरला गेलं की तिथे दुसरी.

हे आजच का सांगायचं? आपल्या दोन्ही तालुक्यांकडे बघा. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरकडे कारखाने आले, इकडे कुरकुंभला आले. कारखान्यांपाठोपाठ खोल्या आल्या. एका ओळीत आठ-दहा खोल्या, पुढे एक नळ, मागे एक संडास. आपल्या गटांमध्ये अशा खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका आहेत आणि त्यांत भाड्याने राहणाऱ्याही आहेत. गाव हळूहळू शहर होतंय. पण ते कसं व्हावं हे ठरवताना घरात सगळ्यात जास्त वेळ जिचा जातो तिला कुणी विचारत नाही. म्हणून ज्या बायकांनी स्वतःला विचारायला लावलं, त्यांची हकीकत आपल्याला माहीत हवी.

सुरुवात मुंबईची आहे. भायखळ्याच्या फुटपाथांवर हजारो कुटुंबं झोपड्या बांधून राहत होती. घरकाम, हमाली, भंगार वेचणं अशी त्यांची कामं. महापालिकेची गाडी यायची, झोपडी मोडायची, भांडीकुंडी उचलून न्यायची. दोन दिवसांनी तिथेच पुन्हा झोपडी उभी राहायची. १९८५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचाही हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. पावसाळा संपला की झोपड्या काढायला महापालिका मोकळी झाली.

तेव्हा भायखळ्यात ‘स्पार्क’ ही संस्था नुकतीच सुरू झाली होती. दवाखान्याच्या आवारातल्या गॅरेजमध्ये तिचं काम चालायचं. तिथे जमणाऱ्या बायकांनी एक वेगळीच गोष्ट केली. मोर्चा काढण्याआधी मोजणी केली. कोणत्या रस्त्यावर किती झोपड्या, कोण कुठल्या गावाहून आलं, किती वर्षं झाली, काय काम करतं, किती मिळवतं. सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. तोवर सरकारी कागदावर ही माणसं नव्हतीच. जे कागदावर नाही त्याच्यासाठी कुठलीही योजना होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मोजणी झाली तेव्हा दिसलं, की ही माणसं चोर-उचले नाहीत. वर्षानुवर्षं शहराचीच कामं करणारी, दुष्काळाने किंवा कर्जाने गाव सुटलेली कष्टकरी माणसं आहेत.

१९८६ साली याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना झाली. झोपडपट्टीवासीयांचं संघटन करणारे जॉकिन अर्पुथम आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघही सोबत आला. महिला मिलनचा पाया होता बचत. आपली बचत महिन्याची असते, त्यांची रोजची होती. गल्लीतली एक बाई रोज घरोघर फिरायची. कुणी एक रुपया द्यायची, कुणी पाच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी हिशोबाची युक्ती काढली होती. प्रत्येकीची एक पिशवी आणि त्यात रंगीत कागदाचे तुकडे. अमुक रंग म्हणजे इतके रुपये. पिशवी उघडली की कुणाचे किती जमले ते कळायचं. रोज घरोघर फिरल्याने आणखी एक फायदा झाला. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा नवरा मारतोय, कुणाची चूल आज पेटली नाही, हे गटाला रोज समजू लागलं.

मग प्रश्न आला घराचा. घर कसं हवं? इंजिनिअरच्या कागदावर रेघा असतात, त्या बाईला कळत नाहीत. म्हणून बायकांनी आपल्या मापाने मोजायला सुरुवात केली. हाताने, पावलाने, साडीच्या लांबीने. लाकूड आणि कापड वापरून खऱ्या आकाराचं घर उभं करून पाहिलं. आत गेल्या, बसल्या, चूल कुठे, हंडे कुठे, पाहुणा आला तर कुठे झोपेल, असं करून बघितलं. त्यातून त्यांनी ठरवलं की जागा लहान असली तरी चालेल, पण उंची चौदा फूट हवी. का? तर मधे माळा घालता येतो. खाली स्वयंपाक आणि बसणं-उठणं, वर झोपणं आणि सामान. तेवढ्याच जमिनीत घर जवळजवळ दुप्पट झालं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण त्याला सात माणसांत एका खोलीत कधी राहावं लागलं नव्हतं.

या घरांची त्यांनी प्रदर्शनं भरवली. अधिकारी आले, मंत्री आले, दुसऱ्या वस्त्यांतल्या बायका आल्या. पुढे भायखळ्याच्या या बायका थेट दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथल्या झोपडपट्टीतल्या बायकांना बचत आणि मोजणी शिकवून आल्या. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवर राहणारी कुटुंबंही पहिल्यांदा पात्र ठरली. त्या पहिल्या मोजणीला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मैत्रिणींनो, दहा वर्षं. आपला एक गट दहा वर्षं टिकवताना किती दमछाक होते ते आठवा, म्हणजे या बायकांचा धीर कळेल.

मधल्या काळात खेड्यांवरही एक मोठं संकट आलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात दगड-मातीची जाड घरं कोसळून हजारो माणसं झोपेतच गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथली नवी घरं मजबूत होती, पण कित्येक गावांत शहरासारखे सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि जुना शेजार फुटलेला. जनावरं कुठे बांधायची, वैरण कुठे रचायची, बाईने अंगणात कुठे बसायचं, हे नकाशात नव्हतं. पण जिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशा बाराशेहून जास्त गावांत वेगळं काम झालं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घराला पट्टा कुठे द्यायचा, कोपरा कसा बांधायचा, सिमेंट किती घालायचं, हे त्या शिकल्या आणि गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. भूकंपानंतर त्यातल्या अनेक महिला मंडळांचे बचत गट झाले. म्हणजे मुंबईत बचतीतून घराकडे वाट गेली आणि मराठवाड्यात घरापासून बचतीकडे.

आता सोलापूर. तिथल्या हजारो बायका विड्या वळतात. पानं आणि तंबाखू घरी आणायचं, विड्या वळायच्या आणि नेऊन द्यायच्या. म्हणजे घर हेच त्यांचं कामाचं ठिकाण. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत पानं कुठे पसरायची आणि लेकरं कुठे निजवायची? माकपचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर आडम मास्तर म्हणून ओळखतं, त्यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांनी घरांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. शेवटी बायकांचीच सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. तिला नाव दिलं कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचं. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या या गोदूताई मूळच्या पुण्याच्या. शहराबाहेर कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. एका घराला खर्च साठ हजार. वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे आणि वीस हजार त्या बाईचे. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. पुढे त्याच कुंभारीत ‘रे नगर’ ही तीस हजार घरांची वसाहत ठरली. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. सरकारं बदलली, पक्ष बदलले, पण मागणी करणारी संघटना तीच राहिली.

या वसाहतींनाही अडचणी आहेत. शहर लांब पडतं, येण्या-जाण्यात पैसा आणि वेळ जातो. पण विडी वळणाऱ्या बाईला नवऱ्याने किंवा घरमालकाने ‘निघ’ म्हटलं तर निघावं लागत नाही, ही गोष्ट लहान नाही.

आणि आता आपल्या जवळचं येरवडा. पुण्यातल्या महिला मिलनच्या बायकांना बांधकामाचा अनुभव आधीपासून होता. १९९९ नंतर रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक स्वच्छतागृहं बांधून घेतली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी काम या बायकांच्या संघटनेकडे होतं. लहान मुलांना मोठ्या संडासाची भीती वाटते, रांगेत मोठी माणसं त्यांना मागे ढकलतात, म्हणून मुलं उघड्यावर बसतात. बायकांनी हे ओळखून मुलांसाठी वेगळी, लहान बैठकीची जागा ठेवली. देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी खोली ठेवली.

पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आलं आणि त्यातून येरवड्याच्या वस्त्यांमध्ये, आहे त्याच जागी, कच्च्या घराच्या ठिकाणी पक्कं घर बांधायचं ठरलं. हे ‘आहे त्याच जागी’ फार महत्त्वाचं. कारण वस्ती उचलून शहराबाहेर नेली की बाईची घरकामं सुटतात, मुलांची शाळा सुटते, अडचणीला धावणारी शेजारीण सुटते. इथे पक्की घरं तशीच राहिली, गल्ल्या राहिल्या, शेजार राहिला. घर २७० चौरस फुटांचं, खर्च सुमारे तीन लाख, त्यात कुटुंबाचा वाटा दहा टक्के. वास्तुविशारद नकाशे घेऊन वस्तीत आले आणि महिला मिलनच्या बायका प्रत्येक घरी जाऊन बोलल्या. काहींची मूळ जागा इतकी लहान होती की घर वर चढवावं लागलं, काही शेजाऱ्यांना जागा एकत्र करावी लागली. सगळ्यांत अवघड काम सिमेंट-विटांचं नव्हतं. ज्याची जागा मोठी होती त्यालाही २७० आणि ज्याची लहान त्यालाही २७०. मग भांडणं झाली, रुसवे झाले, कामं रखडली. त्यांची समजूत कुठलाही ठेकेदार काढू शकला नसता. रोज बचतीला दारात येणारी ओळखीची बाईच ती काढू शकत होती.

मैत्रिणींनो, या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर त्यात एक क्रम दिसतो. आधी मोजलं, मग साठवलं, मग स्वतःच्या मापाने नकाशा केला, मग बांधकामावर नजर ठेवली. निवेदन, मोर्चा, मंत्र्यांची भेट हेही झालं, पण हातात आकडे आणि गाठीला पैसे असल्यामुळे त्याला वजन आलं.

यातलं साठवणं आपल्याला येतं. बाकीचं आपण अजून हातात घेतलेलं नाही. आता प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल बघा. त्याचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे येरवड्याच्याच घराएवढं, २७० फुटांच्या आसपास. केंद्राच्या नियमाप्रमाणे हे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं, त्यात ठेकेदार घालायचा नसतो. घर पती-पत्नी दोघांच्या नावे किंवा बाईच्या एकटीच्या नावे मंजूर होऊ शकतं. आणि तरीही गावोगाव काय होतं? घरातला पुरुष आणि गवंडी उभ्या उभ्या ठरवतात. मोरीला उतार नसतो, चुलीवर धूर जायला वाट नसते, ओट्याची उंची बाईच्या कमरेला पेलत नाही. पुढची तीस वर्षं ती वाकून भांडी घासते.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या प्रत्येकीचं लिहून काढा: घर स्वतःचं की भाड्याचं, किती वर्षं झाली, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, घरकुलाच्या यादीत नाव आहे का, एका संडासाला किती कुटुंबं. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परगावच्या बायकांनाही त्यात धरा, त्या आज इथे आहेत तर त्या आपल्याच आहेत. एका गटाचं एक पान होईल. गावातल्या सगळ्या गटांची पानं एकत्र केली की ग्रामसंघाची वही होईल. ती वही घेऊन ग्रामसभेला जा. आणि जिचं घर यंदा बांधायला निघणार आहे, तिच्या जागेवर आधी चार जणी जमून फक्कीने आखून बघा: इथे ओटा, इथे मोरी, इथे खिडकी. आत बसून बघा. पटलं नाही तर पुसा आणि पुन्हा आखा. फक्की पुसायला पैसे पडत नाहीत, भिंत पाडायला पडतात.